ॲक्सिडेंटमध्ये चूक तुमची असं इन्शुरन्सवाल्यांनी ठरवलं आणि ते पटत नसेल तर काय करायचं

माझ्या गाडीला मागून एकाने ठोकलं आणि कंपनीने सांगितलं की दोघांची चूक निम्मी निम्मी, कारण समोरचा म्हणाला की मी अचानक लेन बदलली. फोनवर तावातावाने भांडलो, काहीच उपयोग झाला नाही. मग नीट कळलं की हा कंपनीचा निर्णय म्हणजे कोर्टाचा निकाल नाही, तो हातात असलेल्या कागदांवरून एका माणसाने काढलेला अंदाज असतो, कागद बदलले की तोही बदलू शकतो.

तर सगळ्यात आधी कारण लेखी मागा. नुसतं "तुमची चूक आहे" नाही, कोणाचा जबाब, कुठला फोटो, रस्त्याचा कुठला नियम धरला ते सगळं ईमेलवर येऊ दे. हे हातात नसताना वाद घातलात तर तुम्ही भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसता.

त्याच दिवशी फुटेजच्या मागे लागा, उत्तराची वाट बघू नका. दुकानं, सोसायट्या, पेट्रोल पंप यांच्या सीसीटीव्हीत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग होत राहतं, काही ठिकाणी थोड्याच दिवसांत पुसलं जातं. देत नसतील तर निदान जपून ठेवा अशी लेखी विनंती करून ठेवा, डॅशकॅमचं कार्ड तर काढूनच ठेवा. फोटो मूळ फाइल म्हणून ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. साक्षीदाराकडून दोन ओळी का होईना पण तारीख घालून सहीनिशी घ्या, महिन्याभराने माणसं विसरतात. पोलिस रिपोर्टची कॉपी काढून वाचा, त्यात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच.

आता गाडीवरचा मार, याकडे लोक लक्षच देत नाहीत आणि माझं काम यानेच झालं. मी लेन कापत आत शिरत असतो तर गाडी तिरकी असती आणि मार बहुतेक बंपरच्या कोपऱ्यावर किंवा बाजूला बसला असता, पण माझा बंपर मधोमध सरळ आत गेला होता, म्हणजे दोन्ही गाड्या एका रेषेत होत्या. म्हणून रिपेअरला टाकायच्या आधी चारही बाजूंनी, जवळून आणि लांबून फोटो काढाच. मोठी धडक असेल तर बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये धडकेआधीच्या साधारण 5 सेकंदांचा वेग आणि ब्रेक साठवलेला असतो, तो काढून घेतल्याशिवाय गाडी भंगारात देऊ नका.

मग पत्र, एक पान पुरे. क्लेम नंबर, त्यांनी दिलेलं कारण, ते का चुकीचं आहे, सोबत कुठला पुरावा जोडलाय, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. "फेरविचार करा" एवढंच लिहू नका, "माझी चूक शून्य टक्के धरा" असं स्पष्ट लिहा. थोडी चूक खरंच तुमची असेल तर तेवढी कबूल करा, पत्रावर विश्वास बसतो. रागाचा एकही शब्द नको, राग कितीही खरा असला तरी. फोनवर बोलणं झालं तर कोण काय म्हणालं ते लगेच ईमेल करून ठेवा. आणि वाद मिटेपर्यंत फुल अँड फायनलच्या, म्हणजे आता आणखी काही मागणार नाही अशा, कागदावर सही करू नका, पैशाची कितीही निकड असली तरी आधी तो कागद कोणा जाणत्याला दाखवा.

तरी नाही ऐकलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, त्यांचं अंतिम उत्तर लेखी घ्या, मग विमा लोकपाल किंवा तुमच्याकडे जी स्वतंत्र यंत्रणा असेल ती. पण बऱ्याच ठिकाणी ही वाट फक्त स्वतःच्या कंपनीविरुद्ध असते, समोरच्याच्या कंपनीशी वाद असेल तर कोर्टच. आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून कोर्टात दावा लावायची मुदत आपोआप थांबेल असं धरून चालू नका, ती तारीख पहिल्याच आठवड्यात वकिलाला विचारून लिहून ठेवा.