ऊर्जाबचतीच्या यंत्रासाठी ‘अदिती’ योजनेची व्याज सवलत कशी मिळवावी

कारखान्यातील कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी जुनी भट्टी, बॉयलर किंवा कंप्रेसर बदलायचा म्हटले की लघुउद्योजकापुढे पहिला प्रश्न भांडवलाचा उभा राहतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये सुरू केलेली आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजेच बीईई, राबवत असलेली ‘अदिती’ (ADEETIE) योजना नेमकी या अडचणीसाठी आहे. 2025-26 ते 2027-28 या काळासाठी तिला 1,000 कोटी रुपयांची तरतूद असून त्यातून सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजदरात 5 टक्क्यांची, तर मध्यम उद्योगांना 3 टक्क्यांची सवलत मिळते. तरतुदीपैकी 875 कोटी रुपये व्याज सवलतीसाठीच राखलेले आहेत. म्हणजे हे फुकटचे अनुदान नाही; मुद्दल आपल्यालाच फेडायचे आहे आणि म्हणून प्रकल्प मुळात फायद्याचा असायला हवा.

अर्जाआधी पात्रता तपासावी. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे केलेली नोंद, आवश्यक आहे आणि ती शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत 25 कोटी रुपये गुंतवणूक व 100 कोटी रुपये उलाढाल अशी झाली असल्याने, पूर्वी ‘मध्यम’ ठरलेले काही कारखाने आता ‘लघु’मध्ये बसू शकतात. व्याजातील दोन टक्क्यांचा फरक त्यावरच ठरतो, म्हणून प्रमाणपत्रावरील वर्गवारी एकदा पाहून घ्यावी. योजना फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम), फोर्जिंग (तापवलेला धातू ठोकून घडवणे), वस्त्रोद्योग, अन्नप्रक्रिया, रसायने, औषधनिर्मिती, कागद, काच, वीटभट्ट्या अशा 14 क्षेत्रांसाठी असून पहिल्या टप्प्यात 60 औद्योगिक क्लस्टर, म्हणजे एकाच भागातील उद्योगांचे समूह, घेतले आहेत. आपली औद्योगिक वसाहत त्या यादीत आहे का, हे बीईईकडून किंवा उद्योजक संघटनेकडून निश्चित करून घ्यावे.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत तोच सर्वाधिक चुकतो. पुरवठादाराचे कोटेशन आले की लगेच आगाऊ रक्कम देण्याचा मोह होतो. पण योजनेत किमान 10 टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते आणि जुने यंत्र भंगारात गेल्यावर ‘आधी किती वापर होता’ हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे आधी मोजमाप, मग ऊर्जावापराची तज्ज्ञाकडून तपासणी म्हणजे एनर्जी ऑडिट, त्यानंतर कर्ज आणि शेवटी खरेदी हा क्रम मोडू नये.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचे उदाहरण घेऊ. समजा, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत महिन्याला 250 टन धातू वितळतो आणि टनाला 640 युनिट वीज लागते. महावितरणच्या बिलात कंप्रेसर, वाळूचा प्लांट आणि दिवाबत्ती सगळेच एकत्र येते, म्हणून भट्टीला स्वतंत्र मीटर बसवून प्रत्येक हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे, वजन, लागलेला वेळ आणि युनिट रोज वहीत लिहावेत. झाकण उघडे ठेवून भट्टी चालवली किंवा ओतकामासाठी साचे वेळेवर तयार नसल्याने वितळलेला धातू धरून ठेवावा लागला, तर आकडा किती चढतो हे त्या वहीतच दिसते. असा अपव्यय शिस्तीने थांबतो, त्यासाठी कर्ज काढू नये. नव्या यंत्राने टनाला 70 युनिट वाचले तर महिन्याला 17,500 युनिट वाचतील, आणि ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर दरमहा साधारण 12 टन उत्सर्जन टळेल.

गुंतवणूकयोग्य एनर्जी ऑडिट, म्हणजे ज्याच्या आधारे गुंतवणुकीचा निर्णय घेता येईल असे सखोल ऑडिट, आणि सविस्तर प्रकल्प अहवाल यांसाठीही योजनेत साहाय्य आहे. ऑडिटर आला की वरील वही, किमान वर्षभराची वीज व इंधनाची बिले आणि उत्पादनाची नोंद त्याच्यापुढे ठेवावी. बचतीची 10 टक्के ही टक्केवारी कोणत्या वापरावर काढली आहे, एका यंत्राच्या की संपूर्ण कारखान्याच्या, हे अहवालात स्पष्ट लिहून घ्यावे. पुढे पडताळणीच्या वेळी वाद नकोत. छतावरील सौर पॅनेल ही चांगलीच गुंतवणूक आहे, पण त्याने विजेचा स्रोत बदलतो, भट्टीची भूक कमी होत नाही, म्हणून ते या हिशेबात मिसळू नये.

बँकेकडे जाताना प्रकल्प अहवालासोबत हप्त्याचे गणित न्यावे. 1 कोटीचे कर्ज 10 टक्के दराने असेल तर 5 टक्के सवलतीमुळे पहिल्या वर्षी व्याजात पाच लाखांच्या आसपास फरक पडतो, पण मुद्दल फिटत जाते तशी ही रक्कम घटते. सवलत नसतानाही बचतीतून हप्ता निघतो का, हे स्वतः तपासावे. निघत नसेल तर यंत्राची क्षमता किंवा निवड पुन्हा पाहावी. सवलतीची मुदत आणि ती खात्यात कशी जमा होणार, हे मंजुरीपत्रात लेखी असावे.

यंत्र बसल्यावर मापन व पडताळणी होते. मीटर तोच आणि नोंदीची पद्धतही तीच ठेवावी, आणि मध्यंतरी ग्रे आयर्नऐवजी एसजी आयर्नचे (हे दोन्ही ओतीव लोखंडाचे प्रकार) काम वाढले किंवा पाळ्या कमी झाल्या, तर ती तारीख त्याच वहीत लिहावी, म्हणजे पडताळणी करणाऱ्याला बचतीचा आकडा उत्पादनातील बदलापासून वेगळा काढता येईल.