आधारदांडीची उंची माणसावरून ठरवा

कमोडशेजारची आधारदांडी ठरावीक मापाने बसवली की अनेकदा हाताला नीट येत नाही. भोकं पाडण्याआधी हे करा.

१. वापरणाऱ्याला बसवून दोन-तीनदा उठायला लावा. हात आपसूक जातो तिथे मास्किंग टेप चिकटवा. जागा जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर येते. बुटक्या माणसासाठी खालीही.

२. टेपवरूनच ड्रिल करा, बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद, नाहीतर तडा जातो.

३. भोकातली धूळ पूर्ण काढा. राहिली तर प्लग (स्क्रू धरून ठेवणारी भिंतीतली नळी) आत फिरतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

टॉवेलच्या रॉडवर किंवा व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या हँडलवर मात्र शरीराचा भार कधीच टाकू नका.