चहाचा चोथा थेट वाफ्यात नको, आधी बुरशीला खाऊ द्या

हळव्या भाताची कापणी उरकत आली आहे, गरवे अजून लोंबीवर आहे आणि दिवाळी लागली की किनाऱ्यावर पर्यटकांची वर्दळ सुरू होईल. अलिबागपासून तारकर्लीपर्यंतच्या टपऱ्या, खानावळी आणि घरगुती निवासांच्या मागच्या दारी चहा-कॉफीचा चोथा रोज घमेल्याने निघतो. फुकट मिळतो म्हणून पुष्कळ जण तो उचलतात आणि सरळ मिरची-वांग्याच्या गादीवाफ्यावर किंवा नुकत्याच पेरलेल्या कुळथाच्या कुणग्यात पसरतात. यंदा तसे करू नका.

अडचण आहे ती कॅफीनची. चहा-कॉफीची झाडे ते किडीपासून बचावासाठी बनवतात आणि कोवळ्या रोपांनाही ते सोसत नाही. बी उशिरा रुजते, मुळे आखूड राहतात. अर्थात सगळा चोथा सारखा नसतो. टपरीवरची पावडर इतकी उकळलेली असते की बरेचसे कॅफीन गिऱ्हाइकाच्या पेल्यात जाते. यंत्रावर झटपट काढलेल्या कॉफीच्या चोथ्यात ते त्या मानाने जास्त उरते. खरी काळजी घ्यायची ती ओल लागलेल्या किंवा मुदत संपलेल्या चहापावडरीची. न उकळलेल्या चहात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असते. अशी पोती दुकानदार ‘खत म्हणून न्या’ म्हणून देतात. घ्या, पण वाफ्यापासून लांब ठेवा.

कॅफीन मोडायचे काम बुरशी चोख करते. कॅफीनच्या वजनात सुमारे २९ टक्के नत्र (नायट्रोजन) असते आणि बुरशीला तेच हवे असते. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, रायझोपस या बुरशा कॅफीन टप्प्याटप्प्याने तोडतात. शेवटी युरिया आणि अमोनिया उरतो, म्हणजे पिकाला चालणारा नत्र. ब्राझीलमध्ये कॉफीच्या टरफलावर ओलसर घन आंबवणाचे, म्हणजे पाण्यात न बुडवता नुसत्या ओलाव्यावर बुरशी वाढवण्याचे, प्रयोग झाले. त्यात निवडक बुरशांनी टरफलातले ९० टक्क्यांच्या आसपास कॅफीन काही दिवसांतच संपवले. ती प्रयोगशाळा होती, बुरशीही शुद्ध होती. आपल्या मांगराशेजारच्या ढिगाला दीड-दोन महिने लागतील असे धरून चाला.

नेहमीच्या कंपोस्टला लागू पडणारे दोन नियम इथे मोडावे लागतात. पहिला नत्राचा. ढीग लवकर कुजावा म्हणून आपण त्यावर युरिया फेकतो. इथे फेकू नका. नत्र सहज मिळाला की काही बुरशा कॅफीनला हात लावत नाहीत. समोर आमरस असताना नाचणीची आंबील कोण घेणार? भाताचा पेंढा म्हणूनच उत्तम, कारण त्यात नत्र अगदी कमी असतो. शेणही पातळ काल्याचा हलका शिंतोडा देण्यापुरतेच वापरा.

दुसरा नियम उंचीचा. ढीग छातीएवढा रचला की आतून तापतो आणि या बुरशा त्या उष्णतेत टिकत नाहीत. त्यांना २५ ते ३० अंश मानवते, म्हणून ढीग गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

रचताना तीन घमेली तोडलेला पेंढा आणि एक घमेले चोथा असे थर द्या. दूध-साखरेचा चोथा आधी पाण्यात खळबळून घ्या, नाहीतर दोन दिवसांत मुंग्या आणि आंबट वास. धुवण रोपांना न घालता मोठ्या माडाच्या आळ्यात ओता. हॉटेलातून चहाच्या पिशव्या आल्या तर फाडून आतली पावडरच घ्या, कारण पुष्कळ पिशव्यांत प्लॅस्टिक असते. ओल किती हवी? मूठभर माल दाबला तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. परतीचा पाऊस अजून एखादी सर टाकेल, तेव्हा ढिगावर झापे ठेवा. प्लॅस्टिक गुंडाळून हवा कोंडू नका. आठवड्यातून एकदा उलथा. पांढरे तंतू दिसले की समजा काम चालू आहे. हिरवी-काळी भुकटी आली तर घाबरू नका, पण उलथताना तोंडाला फडके बांधा. दुर्गंधी आली म्हणजे पाणी जास्त झाले, कोरडा पेंढा मिसळा.

बुरशी आलेला चोथा गुरांना किंवा कोंबड्यांना मात्र कधीच घालू नका. अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती विष तयार करतात आणि कोणती जात उगवली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करणाऱ्यांनाही हा चोथा खुणावेल. धिंगरी कॅफीन कमी करते हे खरे, पण कॉफीच्या टरफलावरच्या प्रयोगात थोडे कॅफीन अळिंबीतही उतरलेले आढळले. विक्रीचा माल निव्वळ पेंढ्यावरच घ्या, असे माझे मत. काढणीनंतर पिशवीतला उरलेला पेंढा मात्र या ढिगात जरूर टाका. त्यातली बुरशी अजून जिवंत असते.

गोगलगायींसाठी चोथा पसरणारेही भेटतात. हवाईतल्या प्रयोगात गोगलगायी मेल्या त्या १ ते २ टक्के कॅफीनच्या द्रावणाने. उकळलेल्या चोथ्यात तेवढा जोर नसतो.

खत तयार झाले की नाही हे मेथीला विचारा. एका करवंटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मे खत घेऊन दोन्हींत सारखेच दाणे पेरा. आठवड्याने उपटून मुळे शेजारी शेजारी ठेवा. खतातली मुळे आखूड दिसली तर ढीग आणखी पंधरा दिवस राहू द्या. गांडूळखताच्या टाकीतही ही परीक्षा पास झालेला मालच टाका.

तयार खत पालेभाज्या, वांगी, मिरचीला द्या. हापूसच्या आळ्यात आत्ता नको. मोहोराच्या तोंडावर नत्र मिळाला की कलम पालवी काढत बसते. उरलेले खत सावलीत पोत्यात भरून ठेवा आणि कलमांना जूनमध्ये, शेणखताबरोबर घाला.