मुलगारा, टाइप नमुने आणि नावांचा गुंता: टॅक्सॉनॉमीत नव्याने येणाऱ्यांसाठी

डीएनए तुम्हाला गट वेगळे करून देतो. त्या गटांना कोणतं नाव लागू होतं, हे तो आपोआप सांगत नाही. नाव टाइप नमुन्याला, म्हणजे ते नाव ज्याच्यावर बांधलं गेलं त्या संग्रहालयातल्या एका ठरावीक नमुन्याला, जोडलेलं असतं. हे वाचलेलं सगळ्यांनीच असतं, पण प्रत्यक्ष कामात त्याचा अर्थ काय होतो हे मला मुलगाराने शिकवलं, आणि चांगलंच दमवून शिकवलं.

मुलगारा हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला छोटा मांसाहारी शिशुधानी प्राणी (कांगारूसारखा, अपुऱ्या वाढीची पिल्लं जन्माला घालणारा). टास्मानियन डेव्हिलच्याच डॅसियुरिडी कुळातला. बिळात राहतो, किडे, सरडे, उंदीर खातो, शेपटीत चरबी साठवतो. गेरार्ड क्रेफ्टने 1867 मध्ये क्रिस्टिकॉडा नावाची प्रजाती वर्णिली, एडगर वेटने 1904 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारातला ब्लायथी, आणि लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसने 1905 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लेक एअर सरोवराच्या पूर्वेकडचा हिलिएरी. पुढे बराच काळ हे सगळे एकाच प्रजातीत धरले गेले.

2000 च्या सुमारास जनुकीय अभ्यासातून दोन गट स्पष्ट झाले. एकाला क्रिस्टिकॉडा म्हटलं, दुसऱ्याला, म्हणजे स्थानिक भाषेत अँपुर्टा म्हणतात त्या मुलगाराला, हिलिएरी. गट खरे होते, नावं चुकीच्या जागी बसली होती. ला ट्रोब विद्यापीठाच्या पॅट्रिशिया वूली यांनी टाइप नमुन्यांकडे परत जाऊन 2005 मध्ये मांडलं, की ज्याला हिलिएरी म्हणत होते तो क्रेफ्टचा क्रिस्टिकॉडा, आणि ज्याला क्रिस्टिकॉडा म्हणत होते तो वेटचा ब्लायथी.

इथे थांबा आणि हे पुन्हा वाचा, कारण मी इथेच अडकले होते. 2005 आधीच्या लेखात क्रिस्टिकॉडा हे नाव दिसलं तर तो प्राणी ब्लायथी असू शकतो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या मुलगारांवरचं जुनं काम क्रिस्टिकॉडा नावाने छापलेलं आहे, प्राणी ब्लायथी आहेत. तुम्ही मापं, वजनं, पिल्लांची संख्या नावानुसार एका तक्त्यात भरली की दोन प्रजातींची सरासरी निघते, आणि ती कुठल्याच प्राण्याची नसते. संगणक चूक दाखवणार नाही, आलेख सुंदर येईल. त्यात 2023 मध्ये जेक न्यूमन-मार्टिन आणि सहकाऱ्यांनी कवट्या आणि गुहांतली जुनी हाडं तपासून हिलिएरीला पुन्हा स्वतंत्र प्रजाती मानलं, शिवाय तीन नव्या प्रजाती वर्णिल्या. म्हणजे अँपुर्टा आधी हिलिएरी, मग क्रिस्टिकॉडा, मग परत हिलिएरी. म्हणून तक्त्यात छापलेलं नाव, लेखाचं वर्ष, ठिकाण आणि संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक असे वेगळे रकाने ठेवाच. आजचं नाव सगळ्यात शेवटी भरा, पेन्सिलीने.

ऑनलाइन नोंदींनाही हेच लागू. तिथलं नाव कुणी, कधी, कशावरून लिहिलं ते बघितल्याशिवाय नकाशा काढू नका. बारकोडिंग करून, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा जुळवून, नाव मिळेल असं सांगणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही.

नमुना हातात आला की वूलींच्या खुणा कामाला येतात. क्रिस्टिकॉडाच्या शेपटीवर केसांचा तुरा, वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन प्रीमोलर (सुळ्यामागचे, दाढांपुढचे दात), मादीला साधारण आठ स्तनाग्रं. ब्लायथीला तुरा नाही, प्रीमोलर दोन, स्तनाग्रं सहा. सुकवलेल्या कातड्यात तुरा झडलेला असू शकतो, स्तनाग्रं दिसतीलच असं नाही. मग कवटी बघा, पण वय आधी ठरवा. शिशुधानी प्राण्यांत फक्त शेवटचा प्रीमोलर बदलतो आणि तो उशिरा येतो, त्यामुळे तीन प्रीमोलरांच्या प्रजातीचं पिल्लू दोन प्रीमोलरांचं वाटतं. आणि टाइप नमुना त्या प्रजातीचा आदर्श नमुना नसतो. तो पिल्लू असेल, कवटी फुटकी असेल, तरी नाव त्याचंच.

घाबरून जाऊ नका. दोन-तीन महिन्यांत डोळा बसतो, खरंच बसतो. पहिले काही आठवडे सगळ्या कवट्या सारख्याच दिसतात, सगळ्यांनाच. गाईड मात्र असा निवडा जो स्वतः तुमच्यासोबत संग्रहालयातले नमुन्यांचे ड्रॉवर उघडतो. लेखांची यादी पाठवणारे गाईड खूप आहेत, तासभर शेजारी बसून दात दाखवणारे फार थोडे. मोठ्या नावापेक्षा असा माणूस धरा.

महाराष्ट्रात असाल तर मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) संग्रहात किंवा पुण्यातल्या झूलॉजिकल सर्व्हेच्या केंद्रात परवानगी काढून आधी उंदीर, वटवाघळांवर हात बसवा. बीएनएचएसने 1911 ला सुरू केलेल्या सस्तन प्राणी सर्वेक्षणातले कितीतरी टाइप नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या प्राण्यांवर काम करणाऱ्यालाही लंडनला पत्र लिहावंच लागतं.

त्या पत्राबद्दल एवढंच. टाइप नमुने सहसा उसने मिळत नाहीत, ते मागू नका. नोंदणी क्रमांक द्या, कवटीचे कुठल्या बाजूंनी, कोणत्या मोजपट्टीसह फोटो हवेत ते लिहा, आणि दातांची कोणती मापं हवीत त्याची छोटी यादी जोडा. मूळ वर्णन आधी वाचलेलं असू द्या. क्युरेटरना, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्यांना, ते तुमच्या पहिल्या चार ओळींतच कळतं.