उंबरा नसलेला शॉवर: गवंडी येण्याआधीची तयारी

शॉवरपुढचा उंबरा काढला की पाणी अडवायचं त्याचं काम जमिनीच्या ढाळावर येतं. त्यामुळे टाइल्स बघायला जाण्याआधी भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारायची आहे. बाथरूमच्या दारात तयार फरशी जिथे येणार ती पातळी लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही भिंतींवर फिरवून घ्या आणि पुढचं सगळं माप त्या रेघेपासून खाली मोजा.

ढाळ मीटरला 20 मिलिमीटर धरा. शॉवरची जागा दीड मीटर खोल असेल आणि लांबट चॅनल (वर जाळी असलेली, पाणी वाहून नेणारी पन्हळ) मागच्या भिंतीला असेल, तर चॅनलपाशी फरशी 30 मिलिमीटर खाली जाणार. त्याखाली टाइल आणि चिकटवायचा थर मिळून साधारण 15, त्याखाली ढाळाचा कोबा, आणि चॅनलच्या पोटाखाली ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा भाग) व पाइपाचा बाक. कोबा घालायच्या आधी चॅनल साइटवर आलेला असलाच पाहिजे. कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका, हातात घेऊन टेपने मोजा. स्लॅब पुरेसा खाली नसेल तर बाथरूमची सगळी फरशी उचलावी लागते, मग पायरी बाथरूमच्या दाराशी येते. ही गोष्ट घरातल्या चालायला त्रास होणाऱ्या माणसाशी बोलून ठरवा, शॉवर बहुतेक वेळा त्याच्यासाठीच होत असतो. स्लॅब फोडून खोली मिळवायचा विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय करूच नका.

चॅनल शक्यतो भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्या. आखूड घेतला की दोन्ही टोकांना सपाट तुकडे उरतात, तिथे पाणी साचतं आणि एकाच दिशेच्या ढाळाचा फायदाच जातो. तो फायदा मोठा आहे: गोल जाळीला चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, टाइल तिरक्या कापाव्या लागतात; इथे मोठी टाइल अख्खी बसते. चॅनल किती पाणी ओढतो आणि शॉवर मिनिटाला किती लिटर सोडतो, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास येतो. जाळी हाताने उचलता येते का आणि केस काढायला बोटं आत जातात का, हे दुकानातच करून बघा.

वॉटरप्रूफिंगबाबत मी हट्टी आहे. ढाळ वॉटरप्रूफिंगच्या खाली हवा. सांध्यांतून थोडं पाणी खाली झिरपतंच; खालचा थर सपाट असेल तर ते तिथेच मुरतं आणि काही महिन्यांत सांधे काळे पडतात. कोपऱ्यांना आधी वाटा (मसाल्याची गोलाई) मारून घ्या, चॅनलच्या कडेवर थर नीट चढवा, भिंतीवर शॉवरच्या तोंडाच्या वरपर्यंत न्या. उंबरा नसल्यामुळे शॉवरच्या हद्दीबाहेरची जमीनही याच थरात घ्या, आणि तिलाही थोडा ढाळ द्या.

मग पाणी भरून चाचणी. इथे अडचण अशी की पाणी अडवायला काहीच नसतं. विटांची रांग जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून तात्पुरता बांध करा, थराला ओरखडा जाऊ देऊ नका. चॅनलचं तोंड बंद करा, पाण्याची पातळी पेन्सिलीने मारा आणि 24 तास थांबा. दुसऱ्या दिवशी रेघ बघा, खालच्या मजल्याचं छतही बघा. भिंतीतल्या पाइपांची प्रेशर टेस्ट त्याआधीच उरकलेली असावी.

टाइल ओल्या पायाला न घसरणारी घ्या आणि पेटीभर जास्त घ्या. मांडणी चॅनलपासून सुरू करा, म्हणजे कापलेला तुकडा कमी दिसणाऱ्या बाजूला जातो. जाळी टाइलपेक्षा मिलिमीटरभर खालीच हवी. माझ्या एका कामात ती जेमतेम 3 मिलिमीटर वर राहिली होती. रोज आंघोळीनंतर चॅनलच्या कडेला पाण्याची बारीक पट्टी उभी राहायची, आणि ती घालवायला अख्खी ओळ उखडावी लागली. तेव्हापासून चॅनलजवळची पहिली ओळ लावली की तिच्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून जाळीपर्यंतची फट डोळा जमिनीला लावून बघतो, आणि त्यानंतरच दुसऱ्या ओळीचा मसाला कालवायला सांगतो.