लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? माझा अनुभव

गाडी घेतली तेव्हाच तिच्यात आधीच्या मालकाने बसवलेले लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणारे आखूड, कडक स्प्रिंग) होते, शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) मात्र कंपनीचेच. वळणात खड्डा आला की मागची बाजू आपटायची आणि मग हिंदकळत राहायची. गाडी 35 मिमी खाली आली की शॉकचा दबण्याचा प्रवास साधारण तेवढाच घटतो, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबू नये म्हणून असलेला रबरी अडथळा) लवकर लागतो. शिवाय कडक स्प्रिंगची उसळी आवरण्याइतकं डॅम्पिंग (हेलकावे शमवण्याची ताकद) मूळ शॉकमध्ये नसतं.

रोजच्या वापरासाठी अशा स्प्रिंगना जुळणारे शॉक घेतले तरी भागतं, आणि ते स्वस्तही पडतं. मला ट्रॅकवर जायचं होतं, म्हणून कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच) बसवले. खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येईल असेच घ्या. त्यात शॉकचा प्रवास शाबूत राहतो. पण फार खाली उतरवू नका, हे कळकळीने सांगतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे शॉकचा खांबच चाक धरून ठेवतो) लोअर आर्मची, म्हणजे चाकाला खालून जोडणाऱ्या दांड्यांची, बाहेरची टोकं वर गेली की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खूप खाली जातं आणि वळणात गाडी उलट जास्त कलू पाहते.

आपटणं पूर्ण थांबलं. बुशचे (सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळले. स्प्रिंग थोडे बसू दिले, उंची पुन्हा मोजली आणि मगच टो आणि कॅम्बर (चाकांचे आत-बाहेर वळण्याचे आणि कलण्याचे कोन) लावून घेतले.