हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा का जाते?
नवी घातलेली हार्ड डिस्कही गेली, की मी डिस्कला दोष देणं थांबवतो. आधी बॅकअप, मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे. 199 क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा ठणठणीत असते. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला. हा आकडा मागे येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून जुना लिहून ठेवा. 5 आणि 197 क्रमांकांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे, आकडे वाढत असतील तर मात्र डिस्कच खराब होतेय. आणि एकामागून एक डिस्क अशा जात असतील, तेव्हा माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर. मोठी फाइल कॉपी होत असताना सप्लायच्या पिवळ्या, म्हणजे 12 व्होल्टच्या, वायरला मल्टिमीटर लावा. आकडा 11.4 ते 12.6 व्होल्टच्या बाहेर गेला तर सप्लाय बदला. एका पॉवर वायरीचे दोन फाटे करणारे स्वस्तातले स्प्लिटर तर मी बघताक्षणी काढून टाकतो. डिस्कचं तापमान सतत 50 अंशांपुढे असेल तर पंख्यावरची धूळ झाडा. आणि चालू कॅबिनेट पायाने सरकवू नका!